सहा चाळीसच्या आत

"ताई, धावू नका. चेंडूला मागच्या काचेपर्यंत जाऊ द्या. तो काचेवर आपटतो आणि तुमच्याकडेच परत येतो. तुम्ही फक्त थांबा."

पहिल्या दिवशी इंद्रजीतनं सांगितलेलं हे वाक्य आता भाजी निवडतानाही माझ्या कानात वाजतं. त्या दिवशी मात्र मला मनातून हसू आलं होतं. चोपन्न वर्षांच्या बाईला थांबायला काय शिकवायचं? आयुष्यभर मी तेच तर केलं. तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक एक्स्चेंजला. कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायचे आणि त्यांचं बोलणं संपायची वाट बघायची. मग घरोघरी फोन आले, मग खिशाखिशात आले, आमच्या बोर्डावरचे दिवे एकेक करून विझले. शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे आला, त्यावर मी सही केली. थांबणं आपल्याला येतं, असाच माझा समज होता.

पण चेंडू आला आणि मी धावले. नुसती धावले नाही, रॅकेट दोन्ही हातांत धरून, सतरंजी झटकावी तशी फिरवली. चेंडू जाळीवरून बाहेर गेला आणि पार्किंगमधल्या एका गाडीच्या टपावर वाजला. गाडी बोंबलायला लागली.

"छान," इंद्रजीत म्हणाला. "ताकद आहे. आता दिशा बघू."

मला या खेळाचं नावही ठाऊक नव्हतं. माझी लेक कल्याणी इथल्याच, खराडीतल्या कंपनीत कामाला आहे. तिनं मोबाइलवरून पॅडलच्या बारा शिकवण्या घेऊन ठेवल्या आणि दुसऱ्याच दिवशी तिचा प्रोजेक्ट बदलला. "आई, कॅन्सल होत नाहीये. तू जा ना. नाहीतरी सकाळी तुझी बुद्धवंदना झाली की तू गॅलरीत बसून असतेस." मी म्हटलं, बघून तर येऊ. सलवार-कमीज घातली, ओढणी कमरेला गाठ मारून बांधली आणि गेले.

काचेची मोठी पेटी असावी तसं ते मैदान. मागे जाड काचेच्या भिंती, बाजूंना थोडी काच आणि थोडी लोखंडी जाळी, मध्ये नेट. या बाजूला दोघं, त्या बाजूला दोघं. रॅकेटला तारा नसतात, ती भरीव असते आणि तिला भोकं पाडलेली असतात. चेंडूनं जमिनीवर एक टप्पा घेतला आणि मग तो काचेवर गेला, तर खेळ संपत नाही. काचेवरून परत येताना तो मारता येतो. म्हणजे हातचा गेलेला चेंडू पुन्हा हाती येतो. मला तर ही गोष्टच इतकी आवडली की घरी आल्यावर मी कल्याणीला तीनदा सांगितली.

दुसऱ्या शिकवणीला मी पोचले तेव्हा मैदानात आवाज चढलेला होता.

"माझ्या रानात मला फी? इंद्रा, हितं माझं कांदं व्हायचं. तू चड्डीत फिरायचास तवा."

बायडाबाई. इंद्रजीतची चुलती, बासष्ट वर्षांची. गावाचं शहर झालं तेव्हा त्यांच्या शेतात आधी एक आयटी पार्क उभा राहिला, मग दोन टॉवर, आणि उरलेल्या तुकड्यावर पुतण्यानं हे मैदान काढलं. डॉक्टरांनी त्यांना साखरेसाठी चालायला सांगितलं होतं. "रस्त्यावर चालायला जागा हाय का? मोटारी अंगावर येतात," म्हणून त्या इथे आल्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, पायात पांढरेशुभ्र नवे बूट. रॅकेट त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर धुण्याचं धोपटणं."

मी त्यांना एकतीस वर्षं ओळखत होते आणि ओळखत नव्हते. लग्न होऊन मी खराडीतल्या आमच्या बौद्ध वस्तीत आले तेव्हा माझ्या सासूबाई त्यांच्या शेतात कांदे लावायला जात. त्यांचा चहाचा कप बायडाबाईंच्या ओट्यावर वेगळा असायचा, एवढं मी ऐकून होते. मी सकाळी बसनं एक्स्चेंजला जायची, संध्याकाळी यायची. इतक्या वर्षांत आमचं बोलणं झालं असेल चारदा. त्यातलं एकदा सासूबाई गेल्या तेव्हा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वव्हाळांची सून ना तू? टेलिफोनवाली?"

"हो. जयभीम."

"बरं झालं. ओळखीचं तोंड तरी दिसलं. बाकी सगळी पोरं इंग्रजीतनं घाम पुसतात."

इंद्रजीतनं आम्हां दोघींची जोडी लावून टाकली. दुसरं कोणी आमच्या वयाचं नव्हतंच.

या खेळात जोडीदाराशी सारखं बोलावं लागतं. चेंडू दोघींच्या मधून आला की एकीनं ओरडायचं, "माझा!" किंवा "तुझा!" इथे माझी पंचाईत. माझा आवाज मुळातच बारीक, आणि एक्स्चेंजमध्ये तो आणखी बारीक झालेला. हळू बोलायचं, नीट बोलायचं, समोरच्याला 'अहो' म्हणायचं, ही तिथली शिस्त अंगात मुरलेली. पहिला चेंडू मधून आला आणि मी म्हटलं, "तुमचा आहे, घ्या."

चेंडू आमच्या दोघींच्या मधून निघून गेला. बायडाबाई कमरेवर हात ठेवून वळल्या.

"काय म्हणालीस?"

"तुमचा आहे, घ्या, म्हटलं."

"अगं, एवढं म्हणंस्तवर चेंडू वाघोलीला पोचतोय! 'तुझा' म्हण. जोरात."

"तुम्हाला कसं म्हणू?"

"तोंडानं!"

पलीकडच्या दोघी हसू दाबत होत्या. पुढचा चेंडू आला. मी डोळे मिटून घेतले असावेत. "तुझा!" आवाज माझाच होता, पण मी तो याआधी ऐकला नव्हता. बायडाबाईंनी धोपटण्यानं असा फटका दिला की चेंडू समोरच्या काचेवरून उसळून परत नेटपर्यंत आला. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "असं!" मग माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली उचलून तोंडाला लावून घटाघटा प्यायल्या. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. बाटलीचं झाकण लावून त्या म्हणाल्या, "गार न्हाय पाणी. पुढल्या येळी माठातलं आण."

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगताही येणार नाहीत. शिकवणीच्या मंगळवार-गुरुवारची मी अशी वाट बघायची की बुधवार मध्ये येतो याचाच राग यायचा. रोज पहाटे उठून त्रिसरण-पंचशील म्हणते, मेणबत्ती लावते, पाच मिनिटं डोळे मिटून बसते. त्या पाच मिनिटांतही आता टप्प्याचा आवाज यायचा. मी मनाला परत श्वासावर आणायची, ते परत काचेकडे जायचं.

पाचव्या शिकवणीला ते घडलं. चेंडू माझ्या डोक्यावरून मागे गेला. पाय धावायला निघाले होते, पण कसे कोण जाणे, थांबले. मी वळले. टप्पा पडला, काचेवर ठक्क झालं, आणि चेंडू सावकाश, अगदी माझ्या हाताच्या उंचीवर चालत आला. रॅकेट नुसती खालून वर नेली. तो उंच गेला, समोरच्या दोघींच्या डोक्यांवरून, आणि त्यांच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्या बघतच राहिल्या.

"लॉब!" इंद्रजीत ओरडला. "ताई, हाच! हाच तुमचा शॉट!"

"हात हलका हाय तिचा," बायडाबाई म्हणाल्या. "मी बडवते, ती उचलते. जमलं की!"

मी रॅकेट छातीशी धरून उभी होते. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं. एवढ्याशा चेंडूपायी!

बारावी शिकवणी झाली त्या दिवशी इंद्रजीतनं फळा आणला. डिसेंबरभर नवशिक्या बायकांचे सामने होणार होते, दर रविवारी प्रत्येक जोडीचा एक. हरलं तरी पुढच्या रविवारी खेळायला मिळणार, पण जिंकलेल्यांचीच नावं दारावरच्या फळ्यावर लागणार. माझं नाव आजवर कुठल्याच खेळाच्या फळ्यावर लागलेलं नाही. शाळेत मी खो-खोच्या मैदानाबाहेर बसून मैत्रिणींच्या चपला सांभाळायची.

"पंधरा तारीख, रविवार, सकाळी सात. पूर्वा आणि तनुजाच्या विरुद्ध. चालेल?" इंद्रजीतनं विचारलं.

"चालेल!" मी म्हटलं. बायडाबाईंच्या आधी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं.

घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पंधरा तारखेला गोल करायला पेन घेतलं, तर तिथे आधीच एक पांढरा गोल छापलेला होता. मार्गशीर्ष पौर्णिमा.

मी पेन खाली ठेवलं.

दर पौर्णिमेला मी अष्टशील पाळते. रोजच्या पाच शीलांवर आणखी तीन. दुपारी बारानंतर जेवायचं नाही. नाचगाणी, खेळतमाशे, अत्तर-दागिने यांपासून लांब राहायचं. उंच मऊ अंथरुणावर झोपायचं नाही. माझे मिस्टर गेले त्या वर्षी हा नेम घेतला, त्याला एकवीस वर्षं झाली. टायफॉइडमध्येही एक पौर्णिमा चुकली नाही. आणि आता 'चालेल' म्हणताना मला तिथी आठवलीसुद्धा नव्हती.

कल्याणी म्हणाली, "आई, हा खेळतमाशा थोडाच आहे? व्यायाम आहे. व्यायाम म्हण की."

"व्यायाम असता तर मी झोपेत भिंतीला फटके मारले नसते," मी म्हटलं. तिला हसू आलं. स्वतःशी खोटं बोलून पाळलेल्या नेमाला काय अर्थ? मला तो सामना खेळायचा होता. जिवाच्या आकांतानं खेळायचा होता. म्हणूनच तो त्या दिवशी चालणार नव्हता.

दोन दिवस मी गप्प राहिले. शेवटी गुरुवारी सरावानंतर बाकावर बसून बायडाबाईंना सांगितलं. त्यांचाही मार्गशीर्षातला गुरुवारचा उपास होता, केळं सोलत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला.

"आन् हे तू आज सांगतीस?"

"माझी चूक झाली. आनंदात लक्षात राहिलं नाही."

"आनंदात!" त्यांनी केळं तसंच ठेवलं. "मी सगळ्या गावाला सांगून बसले. दुकानात सांगितलं, शेजारच्या सुंदराबाईला सांगितलं. ती म्हणली, बायडे, म्हातारपणी काचेत कोंडून नाचतीस व्हय. तिला म्हणलं, रविवारी ये आन् बग. आता काय सांगू? माझी जोडीदारीण देवाला गेली?"

"विहारात."

"तेच ते." त्यांनी पदर खोचला. मला वाटलं, आता उठून जातील. मग एकदम म्हणाल्या, "तुझा उपास लागतो किती वाजता?"

"लागतो म्हणजे?"

"अगं, चंद्राला गरण कसं अमुक वाजता लागतं. तसं हे कधी लागतं? रात्री बारापासनं की कसं?"

"सूर्योदयापासून. दुसऱ्या सूर्योदयापर्यंत."

"मग सूर्याच्या आधी खेळू की!"

"पहाटे?" मी म्हटलं.

"त्यात काय? पहाटंच्या लाइटीवर चार-चार वाजता पाणी धरलंय मी हितं, ह्याच जागी. थंडीत, चिखलात. आता तर दिवं हायेत, बूट हायेत."

मी मनातल्या मनात हिशेब केला. सूर्योदय सहा अठ्ठावन्नला. घरी जाऊन अंघोळ, पांढरी साडी, आणि सूर्य वर येताना विहारात. म्हणजे सहा चाळीसला रॅकेट खाली. एक मिनिट पुढे नाही.

इंद्रजीत आधी नाहीच म्हणाला. "काकी, पहाटे साडेपाचला कोण येणार? समोरच्या जोडीला विचारायला नको?"

"विचार की. तोंड न्हाय तुला?"

त्यानं तिथेच फोन लावला. पूर्वा रात्रपाळीला अमेरिकेच्या वेळेवर काम करणारी. ती म्हणाली, "साडेपाच? परफेक्ट! माझी शिफ्ट पाचला संपते, त्यानंतरच तर मला भूक आणि एनर्जी येते." तनुजा सदाशिव पेठेतून इकडे राहायला आलेली. तिचा निरोप आला: "साडेपाचला उठेन, पण बोलणार नाही."

इंद्रजीतनं फळ्यावर वेळ खोडून नवी लिहिली. खाली मुद्दाम मोठ्या अक्षरात नियमही लिहिला: सामना अर्धवट सोडल्यास विजय समोरच्या जोडीचा.

"हे कुणासाठी?" बायडाबाईंनी विचारलं.

"सगळ्यांसाठी, काकी."

रविवारी मी साडेतीनलाच उठले. पंचशील म्हटलं, मेणबत्ती लावली. पांढरी साडी घडी करून खुर्चीवर ठेवली, म्हणजे परत आल्यावर शोधायला नको. खाली उतरले तर रस्ता रिकामा, आणि मावळतीच्या बाजूला आयटी पार्कच्या मागे चंद्र पूर्ण गोल, परातीएवढा. थंडीनं बोटं आखडली होती, आणि छातीत मात्र असं धडधडत होतं की मी चालता चालता हसत होते.

मैदानावर दिवे लागले होते. पण चारही बाजूंच्या काचा दवानं पांढऱ्या. इंद्रजीत लांब दांड्याच्या वायपरनं पुसत होता. "ओल्या काचेवर चेंडू घसरतो," तो म्हणाला. बायडाबाई फडकं घेऊन खालचा भाग पुसत होत्या, अंगणातलं जातं पुसावं तशा. मीही फडकं घेतलं.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. तनुजा शाल गुंडाळून बाकावर बसली होती, आपल्या शब्दाप्रमाणे न बोलता. पूर्वाचा पत्ता नव्हता.

शेवटी सहाला दोन मिनिटं कमी असताना ती धावत आली. "सॉरी सॉरी सॉरी! रिलीज अडकलं होतं. क्लायंटची झोप झाली, आमची नाही."

"तुमच्या क्लायंटला म्हणावं, आमच्या बाईला सूर्य हाय," बायडाबाई म्हणाल्या. "चला, उभ्या राहा."

बेचाळीस मिनिटं होती. नवशिक्यांचा सेट लहान, आधी चार गेम जिंकेल त्याचा. पहिला गेम आम्ही हरलो. दुसरा हरलो तेव्हा बायडाबाईंनी बूट काढायचे ठरवले होते, इंद्रजीतनं ओरडून घालायला लावले. मग मला एक उंच लॉब जमला, दिव्यांच्याही वर गेला, आणि खाली येताना पूर्वानं दोन्ही हात वर करून "हा तर यूएसला चालला!" म्हटलं. चेंडू तिच्या मागे टप्पा पडून काचेला लागला आणि ओल्या कोपऱ्यात बसला. त्यानंतर आमचं काहीतरी सुरू झालं.

"माझा!"

"तुझा!"

"सोड, सोड, बाहेर चाललाय!"

"घे! घे गं!"

हे शेवटचं मी म्हटलं होतं. बायडाबाईंना. त्यांनी घेतला, आणि असा घेतला की तनुजा पहिल्यांदा बोलली. "काकू, आम्हांला जिवंत ठेवायचं ठरलं होतं ना?"

दोन-दोन. मग त्या तीन-दोन. मग तीन-तीन. सातनंतर खेळायला आलेली ऑफिसची मंडळी जाळीबाहेर गोळा झाली होती, हातात कॉफीचे कप, तोंडातून वाफा. सुंदराबाईही आल्या होत्या, शाल डोक्यावरून घेऊन अगदी पुढे उभ्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिलं, माझ्या मागे कोणासाठी वाजवताहेत म्हणून. मागे काच होती.

"तीन-तीन," इंद्रजीत म्हणाला. "टायब्रेक. आधी सात गुण, दोनच्या फरकानं."

मी त्याच्या केबिनवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा एकतीस.

एक-शून्य. एक-एक. बायडाबाईंचा एक फटका नेटमध्ये, पुढचा पूर्वाच्या पायांत. तीन-तीनला बाजू बदलल्या. पूर्वेकडचं आकाश राखेसारखं झालं होतं. पाच-चार आमचे झाले. मला समोरच्या काचेत आमच्या दोघींची प्रतिबिंबं दिसत होती, एक काष्ट्यातली, एक ओढणी बांधलेली, दोन्ही वाकलेल्या, दोन्ही दबा धरून. मग तनुजानं बाजूच्या जाळीवर चेंडू टाकला, तो कसाही उडाला, माझ्या हाती लागला नाही.

"पाच-पाच."

सर्व्हिस माझी होती. इंद्रजीतनं चेंडू माझ्या हातात दिला. दोन गुण. लागोपाठ दोन मिळाले की झालं. मी चेंडू जमिनीवर एकदा आपटला, आणि कशी कोण जाणे, मान वर गेली.

सहा चाळीस.

मला वाटलं, घड्याळ पुढे असेल. मला वाटलं, दोनच गुण, एक मिनिट. आणि त्याच वेळी मला कितीतरी आवाज ऐकू आले, ट्रंकवरचे. "बाई, एकच मिनिट. पोराशी बोलतोय." "बाई, एवढं वाक्य संपू द्या." मी किती जणांना हळू आवाजात सांगितलं असेल, "वेळ झाली." दुसऱ्यांना सांगणं सोपं होतं.

मी रॅकेट खाली ठेवली. चेंडू तिच्यावर ठेवला, घरंगळू नये म्हणून.

"वेळ झाली," मी म्हटलं.

"काकू, दोनच पॉइंट!" पूर्वा नेटपाशी धावत आली. "एक मिनिट लागेल, मॅक्स दोन!"

"हो गं. पण वेळ झाली."

इंद्रजीत माझ्याकडून काकीकडे, काकीकडून फळ्याकडे बघायला लागला. नियम त्याच्याच अक्षरात होता. जाळीबाहेर सुंदराबाईंनी तोंडाला पदर लावला होता. मी बायडाबाईंकडे बघू शकत नव्हते. त्यांनी पहाट जुळवून आणली होती, काचा पुसल्या होत्या, गावाला बोलावलं होतं. आणि मी त्यांना सगळ्यांदेखत हरवलं होतं.

त्यांचे बूट माझ्यासमोर येऊन थांबले.

"इंद्रा," त्या म्हणाल्या, "लिही. त्या जिंकल्या."

"काकी, पुढच्या रविवारी इथूनच—"

"नियम तूच लिवलास ना? लिही म्हणते." मग पूर्वाकडे वळून, "पोरी, चांगली खेळलीस. पन परत गाठ हाय."

पूर्वानं नेटवरून हात पुढे केला. तनुजा मला म्हणाली, "काकू, जिंकले असं वाटत तर नाहीये." आणि शाल घेऊन बाहेर गेली.

मी पिशवी उचलली. अंगभर घाम होता, आणि खरं सांगायचं तर हरल्याचं वाईट वाटत असतानाही आत कुठेतरी अजून टप्पे पडत होते. बायडाबाई दारापर्यंत आल्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका खाली आलेला ऐकला.

"पाच-पाचवर चेंडू हातात आसताना खाली ठेवलास. मला जमलं नसतं." मग म्हणाल्या, "आसतं काय गं तिथं?"

"काही नाही. वंदना म्हणतो. शांत बसतो. संध्याकाळी प्रवचन असतं."

"किती वाजता?"

"सहाला."

"येते मी."

मी मान हलवली. येते, जाते, आपण बोलायला म्हणतो. शिवाय बायडाबाईंच्या बंगल्यापासून आमच्या वस्तीतलं विहार पाच मिनिटांवर आहे, आणि एकतीस वर्षांत त्या गल्लीत मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. मी जवळजवळ पळतच घरी गेले. सहा अठ्ठावन्नला मी पांढऱ्या साडीत, ओल्या केसांनी विहारात बसले होते. भन्तेंच्या मागून एकेक शील म्हणताना माझा श्वास अजून सामन्याचाच होता. तो हळूहळू खाली आला.

दुपारी बाराच्या आत वरण-भात खाल्ला. नंतर दिवसभर फक्त पाणी. दंड असे भरून आले होते की पुस्तक धरवेना. पावणेसहाला दाराला कुलूप लावायला मी बाहेर व्हरांड्यात आले. आमच्या चौथ्या मजल्यावरून बायडाबाईंचा बंगला सरळ खाली दिसतो.

त्या घराबाहेर पडतात ते साऱ्या आळीला कळतं. आधी ड्रायव्हरला हाका, मग नातवाला, मग फाटकाचा खणखणाट, मग गाडीत बसूनही काहीतरी विसरल्याची बोंब. आज फाटक उघडलं ते मला दिसलं, ऐकू आलं नाही. त्यांनी कडी हातानं धरून हळूच सोडली. गाडी तिथेच उभी होती. साधी फिकट साडी, पायात चपला, पदराखाली फुलांची पुडी असावी तसं काहीतरी धरलेलं. शेजारच्या ओट्यावर सुंदराबाई बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं असावं. बायडाबाईंनी नुसता हात हलवला आणि थांबल्या नाहीत.

गल्लीच्या टोकाला दोन रस्ते फुटतात. उजवीकडचा देवळाकडे जातो, डावीकडचा आमच्या वस्तीकडे, विहाराकडे. तिथे त्या क्षणभर उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि कोणालाही न विचारता डावीकडे वळल्या.